करड्याचं काय करायचं?

कोल्हापुरात ‘आर्टला आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोर्ट्रेट का लँडस्केप? मी ‘कॉमिक्स’ म्हणतो. समोरचा जरा थांबतो, ‘म्हणजे कार्टून व्हय?’ असं विचारतो आणि चहा सांगतो. दोन्हींतला फरक समजावून सांगेपर्यंत चहा गार होणार, म्हणून मीही ‘तसंच काहीतरी’ म्हणून विषय सोडून देतो.

लोकांचं काही चुकत नाही. चित्र म्हणजे काय, हे या गावाचं केव्हाच ठरलेलं आहे. आबालाल रहिमान रंकाळ्यावर आणि कोटितीर्थावर जाऊन पाण्यावरचा उजेड रंगवायचे. ते १९३१ साली गेले, तरी आमच्याकडे पाण्याचं चित्र काढायला बसलेल्या पोराला आजही पहिल्यांदा त्यांचंच नाव ऐकवलं जातं. बाबुराव पेंटर आडनाव लावत होते पेंटर आणि काढत होते सिनेमे. खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आणि त्या कॅमेऱ्यामागं उभा राहणारा माणूस पात्रांचे पोशाख, हालचाली आधी कागदावर काढून घ्यायचा, हे मला त्या स्तंभापेक्षा जास्त आवडतं. चंद्रकांत मांढरे पडद्यावर राजे व्हायचे आणि घरी पावडर शेडिंगमधली, म्हणजे पूड घासून छटा देत केलेली, निसर्गचित्रं करायचे. राजारामपुरीत त्यांच्या घराचं संग्रहालय झालंय. कोल्हापूरला येणारे पाहुणे महालक्ष्मी, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा एवढ्यावर परत जातात. त्यांना मी आवर्जून राजारामपुरीत नेतो.

त्या पावडर शेडिंगसमोर उभं राहिलं की एक गोष्ट कळते. तिथं रेघ नावाचा प्रकार जवळजवळ नाही. झाड संपून आकाश कुठं सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सगळं करड्यात चाललेलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना मध्ये ज्या पायऱ्या लागतात, त्या इतक्या मऊ की पायरी आहे हेच जाणवू नये. आम्हाला वर्गातही हेच शिकवतात. इलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून सुरुवात होते ती फाउंडेशनला अँटिक आणि हेड स्टडीपर्यंत. प्लास्टरचं डोकं समोर ठेवायचं, खिडकीचा उजेड एका बाजूनं घ्यायचा आणि गालावरचा हाफटोन शोधत बसायचं. ‘टोन तोडू नकोस’ हे वाक्य सरांनी झोपेतही म्हटलं असतं.

आणि मग टाक शाईत बुडवायचा. शाईला करडं येतच नाही.

पाणी घालून पातळ केलेला वॉश धरला तर येतं, पण तो वेगळा धंदा. कॉमिक्सची जुनी शाई म्हणजे वॉटरप्रूफ काळी. रेघ आहे किंवा नाही, डाग काळा आहे किंवा कागद कोरा आहे. याचं कारण कलेपेक्षा छपाईत जास्त आहे. शिशाच्या टायपाबरोबर चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. लाइन ब्लॉक स्वस्त पडे. करडं हवं असेल तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे जाळी लावून चित्राचे ठिपके करायचे. त्याला पैसे जास्त, आणि वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून नुसती काजळी उरे. म्हणून अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांपासून आपल्या दिवाळी अंकांच्या चित्रकारांपर्यंत सगळ्यांनी रेघेवरच संसार केला. दीनानाथ दलालांचे जुने अंक मिळाले तर रंगीत मुखपृष्ठ लगेच उलटावं आणि आतली, कथेच्या कोपऱ्यातली काळी-पांढरी चित्रं बघावीत. वसंत सरवटे तर जन्मानं कोल्हापूरचेच. त्यांच्या चित्रातला मध्यमवर्गीय माणूस खुर्चीत कसा रुततो, ते दाखवायला त्यांना सावली लागत नाही. रेघ जिथं जड व्हायला हवी तिथं ती जड होते, बस.

पण मी शाईपर्यंत फार लवकर आलो. पेन्सिलीचं आधी.

पेन्सिलीच्या कामात ‘चित्र काढणं’ बरंच उशिरा येतं. आधी पान. पानावर चौकटी किती, कुठली मोठी, वाचणाऱ्याचा डोळा डावीकडून उजवीकडे येऊन खाली कुठं उतरणार, पान उलटायच्या आधी शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं. हे सगळं काडेपेटीएवढ्या कच्च्या आराखड्यात ठरतं. त्यात माणसं म्हणजे नुसत्या गोळ्या आणि काड्या असतात. ते जमलं की मोठा कागद. अमेरिकन कॉमिक्समध्ये सध्या अकरा बाय सतरा इंचाचा बोर्ड घेऊन आत दहा बाय पंधरा इंचांत चित्र काढतात आणि छापताना ते साधारण दोन तृतीयांश होतं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मूळ पान याहून बरंच मोठं असायचं. आम्ही इंपिरिअल शीट कापून तेच माप घेतो. लहान होणार हे डोक्यात ठेवून काढणं ही स्वतंत्र विद्या आहे. कागदावर सुंदर दिसणारं बारीक हॅचिंग, म्हणजे शेजारी-शेजारी रेघा ओढून दिलेली छटा, छापल्यावर बुजून काळा डाग होतं, त्यामुळे दोन रेघांमधली फट मनाला पटते त्यापेक्षा जरा जास्तच ठेवावी लागते.

माझ्याबरोबर काम करणारा मित्र इचलकरंजीचा. तो पेन्सिल करतो, मी शाई. तो माझ्यापेक्षा चांगलं काढतो, यात वादाला जागा नाही. त्याचा हात सुटला तो कॉलेजात नाही, तालमीत. कॉलेजातलं मॉडेल स्टुलावर बसतं आणि हलत नाही. गंगावेस तालमीत सकाळी जाऊन बसलं तर कुणी आपल्यासाठी थांबत नाही. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून केलेला हौद, त्यात दोघं एकमेकांच्या माना धरून फिरतायत, आणि आपल्याला समजायच्या आत एकजण खाली. वहीत उमटतो तो नुसता एक वाक: पाठीचा, किंवा मानेपासून टाचेपर्यंतचा. तो वाक खरा आला तर बाकीचं घरी येऊन भरता येतं.

एकदा त्यानं धोबीपछाड काढला होता. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावर ओढून घ्यायचा, पाठ त्याच्याकडे करून कमरेत शिरायचं आणि पाठीवरून उचलून पुढे आदळायचं. चित्र जोरदार झालं होतं, खांद्याचे स्नायू अगदी अँटिकच्या वर्गात शोभतील असे. तिथल्या वस्तादांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, ‘‘पोरा, ह्यो पाय खोटा हाय. ह्या पायावर वजनच न्हाई. ह्यो गडी त्याला उचलणार कसा?’’

पुढं मित्रानं जी पानं केली, त्यांत मला सगळ्यात आधी पाय दिसतात. कोण कुठल्या पायावर उभा आहे ते बघितलं की तो पुढच्या चौकटीत काय करणार, हे कळतं. पिशवी उचलायला वाकलेली बाई असो, नाहीतर एसटीच्या दारात लोंबकळणारा पोरगा.

आणि धोबीपछाडाची खरी मेख तर वेगळीच. या डावाचे क्षण पाच-सहा आहेत. कॉमिक्समध्ये दोन चौकटी मिळाल्या तरी पुष्कळ. मग कुठले दोन घ्यायचे? नवशिका हमखास आदळण्याचा क्षण काढतो, धुरळा उडवतो, मोठ्या अक्षरांत ‘धाड’ लिहितो. मित्रानं पहिल्या चौकटीत दोन्ही पाय जमिनीवरून नुकते सुटलेले दाखवले, टाचा जेमतेम वीतभर वर. दुसऱ्या चौकटीत सरळ प्रेक्षकांतला एक म्हातारा तोंडावर हात ठेवून. आदळणं दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत झालं. खासबागच्या मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला तो आवाज आपोआप ऐकू येतो.

अशी पानं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांवर खाली निळी पेन्सिल आणि वर एचबी असते. फिक्या निळ्यानं आराखडा करण्याची रीत जुनी आहे. छपाईच्या लाइन फिल्मला निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसायचा, म्हणून तो खोडायची गरज नसे. आता स्कॅन करून संगणकात निळा उडवता येतो, एवढाच फरक. एचबीच्या रेघांत जागोजागी बारीक फुल्या असतात. फुली म्हणजे ‘इथं काळं भर’. सगळीकडे हीच खूण चालते आणि आमची अर्धी भांडणं या फुल्यांवरून होतात.

कारण काळं कुठं भरायचं, यावर पान उभं राहतं नाहीतर पडतं. वेताळाचे जुने इंद्रजाल अंक रद्दीच्या दुकानात अजून अधूनमधून सापडतात. ही मालिका १९६४ साली सुरू होऊन १९९०ला बंद पडली, म्हणजे माझ्या जन्माआधीच. त्यातली साय बॅरीनं काढलेली पानं मी भिंग घेऊन बघितली आहेत. पुढ्यातली झाडं, वेली निव्वळ काळ्या. त्यात एकही पान, एकही सालीची रेघ नाही. त्या काळ्यामागं उजेडातली माणसं. जंगल दाट वाटतं ते काढलेल्या पानांमुळे नाही, न काढलेल्या पानांमुळे. आपल्याकडे अमर चित्र कथा १९६७ला आली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची पानं पुन्हा बघताना मी गोष्ट वाचतच नाही, पान उलटं धरतो. उलटं धरलं की राजा, हत्ती, राजवाडा सगळं विसरून फक्त काळ्याचे तुकडे दिसतात आणि ते पानावर कसे वाटलेत ते कळतं. कुणी विचारलं तर शिकण्याची ही एकच युक्ती मी छातीठोकपणे सांगेन.

आता शाई. निब नवी असते तेव्हा तिच्यावर तेलाचा पातळ थर असतो, गंज चढू नये म्हणून. तो पुसल्याशिवाय शाई धरत नाही, थेंब होऊन घसरते. क्रोक्विल निब बारीक आणि चिडकी, कागदात रुतते. ‘जी’ (G) नावाची निब दाबली की फाकते आणि रेघ रुंद होते, सोडली की मिटते. हात ओढायचा, ढकलायचा नाही. वळण आलं तर मनगट वळवण्याऐवजी कागद फिरवायचा. लांब रेघ खांद्यातून यायला हवी, बोटांतून आली तर थरथरते आणि ते थरथरणं छापल्यावरही दिसतं. ब्रश आणखी अवघड. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज सेव्हन ब्रशची गोष्ट सगळ्या दुकानदारांना सांगायला आवडते: १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी बनवले, तिला सात नंबर आवडायचा म्हणून ते नाव. गोष्ट फुकट असते, ब्रश नाही. आम्ही सिंथेटिकवर भागवतो. महिन्यात त्याचं टोक वाकतं, मग तो काळं भरण्याच्या कामाला जातो.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात शाईचं काम करायचं म्हणजे स्वतंत्र परीक्षा. कागद पापडासारखा सादळतो. सादळलेल्या कार्ट्रिज कागदावर रेघ ओढली की तिच्या दोन्ही काठांना बारीक केस फुटतात, शाई तंतूंतून पसरत जाते. वाळायला तर तास-तास घेते, आणि तेवढ्यात तळहात फिरला की संपलंच. आम्ही त्यावर उपाय म्हणून बल्बखाली कागद तापवून घेतो आणि हाताखाली कोरा कागद ठेवतो. पावसाळ्यात पेन्सिलीची कामं उरकावीत आणि शाई दिवाळीनंतर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मित्राला ते आळशीपणाचं वाटतं.

करड्याचं उत्तर मला फेट्यानं दिलं. एका गोष्टीत लग्नातले मानकरी होते, ओळीनं फेटे बांधलेले. मित्रानं फेट्याच्या प्रत्येक वेढ्यावर सहा बी पेन्सिलीनं मस्त छटा दिली होती, पुढून उजळ, बाजूला जाईल तसा गडद. पावडर शेडिंगच्या गावातला पोरगा, दुसरं काय करणार. ती छटा शाईत आणायची कशी? तीन वाटा होत्या. सगळीकडे हॅचिंग करायचं, म्हणजे फेटा मळका दिसणार. फक्त बाह्यरेषा काढायची, म्हणजे फेटा कागदाचा होणार. तिसरी वाट फेदरिंगची. एक वेढा दुसऱ्याखाली शिरतो त्या फटीत पूर्ण काळं घ्यायचं आणि त्या काळ्यातून ब्रशचे फटकारे उजेडाकडे सोडायचे, मुळाशी जाड, टोकाला नाहीसे होणारे. फटकारा वेढ्याच्या गोलाईबरोबर वळला पाहिजे. सरळ ओढला की कापड सपाट होतं. उजेडाच्या बाजूची बाह्यरेषा बारीक, एके ठिकाणी तर तोडूनच टाकलेली. सावलीकडची जाड. एवढं केल्यावर फेट्याचा बराचसा भाग कोराच राहतो आणि तरी तो भरलेला दिसतो. मधल्या सगळ्या पायऱ्या बघणाऱ्याचा डोळा स्वतः घालतो.

मित्रानं ते पान बघून पहिलं वाक्य म्हटलं, ‘‘माझं शेडिंग कुठाय?’’

‘‘तिथंच हाय की.’’

‘‘न्हाई लेका, तू निम्मं उडवलंस.’’

आता यात बरोबर कोण, हे मला ठरवता येत नाही. शाई करणारा म्हणजे गिरवणारा, असं पेन्सिलवाल्यांना मनातून वाटतंच. तिकडे अमेरिकेत महिन्याला अंक काढायचा म्हणून ही कामं वेगळी झाली आणि त्यातून जोड्या जमल्या. जॅक कर्बीच्या पेन्सिलीवर १९६५पासून जो सिनॉटची शाई नियमित चढू लागली तेव्हा त्याच माणसाची तीच चित्रं एकदम घोटीव, चकचकीत झाली. कुणाला ती आवडतात, कुणाला आधीची खडबडीत. उलट मुदत गाठायला मागच्या रांगेतली माणसंच खोडरबरनं पुसून टाकणारे शाईवालेही होऊन गेले. मी माणसं पुसत नाही. पण पेन्सिलीच्या चार रेघा जिथं एकमेकींना विचारत बसलेल्या असतात, तिथं मला त्यातली एकच ठेवायची असते आणि उरलेल्या तिघींना जावं लागतं. मित्राच्या हातचे चेहरे करताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. म्हातारीच्या डोळ्याखाली त्यानं तीन सुरकुत्या काढलेल्या असतात. तिन्ही गिरवल्या तर म्हातारी आजारी दिसते. मधली ठेवली तर नुसती म्हातारी.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मिळाली नाही: अक्षरं. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी कॅपिटल अक्षरं, सारख्या उंचीची, दोन ओळी चिकटवून लिहिल्या तरी चालतात. देवनागरीत वर रफार, वेलांटी, मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. ‘मूर्तीपुढून’ एवढा एक शब्द लिहून बघा, वर-खाली किती जागा खातो. तेवढेच शब्द ठेवले तर आपला संवादाचा फुगा मोठा होतो आणि माणसाच्या डोक्यावर बसतो. म्हणून आमच्याकडे फुगे पेन्सिलीच्याही आधी. मी संवाद कागदावर लिहितो, भोवती फुगा मारतो आणि उरलेल्या जागेत मित्रानं माणसं बसवायची. त्याला हे अपमानास्पद वाटतं, पण इलाज नाही. कोल्हापुरी बोलीनं मात्र फार मदत केली. ‘आता आपण निघायला हवं असं मला वाटतं’ याला तीन ओळी लागतात, ‘चल की आता’ला एक. शड्डूचा आवाज कसा लिहायचा यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मी ‘फट्ट’ म्हणत होतो, तो ‘थाड’. शेवटी त्यानं स्वतःची मांडी बडवून दाखवली. ‘थाड’ ठेवलं.

टॅबलेटबद्दल विचारलं जातंच. आमच्या वर्गातले बरेचजण त्यावरच शाई करतात आणि चांगली करतात. चुकलेली रेघ मागे घेता येते याचा मला हेवा वाटतो. कागदावरची चूक पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकता येते, पण त्यावर पुन्हा निब चालवली की ती रंग खरवडून आणते.

सध्या आम्ही गुऱ्हाळावरची गोष्ट करतोय. मित्रानं आठवडाभर एका गुऱ्हाळावर बसून काहील, चुलाण, चिपाडाचे ढीग, ढेपांची रांग सगळं काढून आणलं. पाय सगळे खरे आहेत. एका मोठ्या चौकटीत काहिलीतून वाफ उठते, तिच्यामागं गुळव्या रस ढवळतोय आणि त्याच्या बाजूला त्याचा पोरगा उभा आहे. वाफेच्या जागी त्यानं काही काढलेलंच नाही, फक्त निळ्या पेन्सिलीनं लिहिलंय: वाफ तू बघ.

पावडर असती तर अंगठा फिरवून काम झालं असतं. वाफेला बाह्यरेषा दिली तर ती वाफ राहत नाही. ब्रश जवळजवळ कोरडा करून खरबरीत कागदावर घासला तर कडा तुटक येतात, ते चाललं असतं, पण छापल्यावर त्याचा धूर होईल अशी भीती वाटली. मी छपराचे वासे आणि मागची रात्र पूर्ण काळी केली, आणि वाफ म्हणून कागद सोडून दिला. त्या पांढऱ्यात गुळव्या कमरेपासून वर आणि पोरगा अख्खा नाहीसा होत होता. पान दाखवलं तर मित्र भडकला. चेहरे काढायला त्याला दोन दिवस लागले होते. बरीच घासाघीस झाल्यावर तोड निघाली: गुळव्याचा चेहरा ठेवायचा, पोराचा वाफेत जाऊ द्यायचा. पोरगा तसाही पुढच्या पानावर काकवी चाटताना दिसणारच आहे.